बागेचं फाटक कुठल्या बाजूला?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ४४ चौरस किलोमीटर भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. भागाकार केला की माणशी साडेतीन चौरस मीटर जंगल वाट्याला येतं. भेंडीबाजारातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या नावावरही तेवढंच! कागदावर त्या मालदार. प्रत्यक्षात संध्याकाळी टेकायला बाक नाही. तरीही मोकळ्या जागांचा हिशेब आपल्याकडे 'दरडोई'च मांडतात. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेतही दरडोई १० ते १२ चौरस मीटर हाच मापदंड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने वेगळा निकष सुचवला: घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा हवी. हा निकष बरा, पण तोही सरळ रेषेत मोजायचा. माणसं रस्त्याने चालतात. रस्ते काटकोनात आखलेले असतील, तर कुठल्याही दिशेने ३०० मीटर चालून जेवढा परिसर गाठता येतो, तो वर्तुळाच्या जेमतेम ६४ टक्के भरतो. म्हणजे नकाशावर 'बागेजवळ' ठरलेल्या परिसरातला एक तृतीयांशाहून जास्त भाग चालणाऱ्यासाठी हद्दीबाहेर. हे झालं आखीव वस्तीचं. मधे रेल्वेचे रूळ आले, की समोर दिसणाऱ्या मैदानात जायलाही पुलाचे जिने चढा आणि उतरा.

शिवाय चालणार कोण? चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या वेगाने ३०० मीटरला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. गुडघे धरलेल्या आजी ०.८ मीटरने चालल्या तर सव्वासहा मिनिटं, आणि तीही पदपथ मोकळा असेल तर.

पोहोचल्यावर गर्दीचा प्रश्न उरतोच. त्यासाठी अभ्यासक हिशेब दोन टप्प्यांत करतात. आधी मैदानाकडून बघायचं: पायी येऊ शकतील अशा टप्प्यात किती लोक राहतात? दोन हेक्टरचं मैदान आणि ४० हजार माणसं असतील, तर माणशी अर्धा चौरस मीटर. मग घराकडून बघायचं: चालत जाता येतील अशा सगळ्या जागांचे हे वाटे जोडायचे. ही बेरीज वस्तीवस्तीनुसार नकाशावर रंगवली, की शहराच्या सरासरीत दडलेली विषमता उघडी पडते.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते फाटक. जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं आणि १९९४मध्ये खुलं झालेलं माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान धारावीला अगदी लागून आहे. पण प्रवेश शीव-वांद्रे जोडरस्त्यावरून. पलीकडच्या गल्लीतल्या मुलाला उद्यान किती लांब आहे, हे झाडांवरून ठरत नाही. तो रुंद रस्ता कुठे आणि कसा ओलांडता येतो, यावर ठरतं.

घनदाट शहरात बागेसाठी नवी जमीन मिळवायला दशकं जातात. असलेल्या बागेच्या मागच्या भिंतीत दुसरं फाटक काढायला गवंडी पुरतो. अडतं ते बहुधा 'तिथे पहारेकरी कोण ठेवणार?' या प्रश्नावर. पण दुसऱ्या फाटकाचा फायदा आधीच मोजता येतो. संगणकावरच्या नकाशात त्या भिंतीवर प्रवेशाचा एक बिंदू वाढवायचा, चालण्याच्या वाटा पुन्हा मोजायच्या आणि पंधरा मिनिटांवरची किती घरं पाच मिनिटांवर आली ते बघायचं. एका पहारेकऱ्याचा पगार त्या घरांच्या संख्येशेजारी मांडून कुठल्याही प्रभाग समितीला निर्णय घेता येईल.