तंटा मिटल्यानंतरचे घर

दिवाळी सरते, हलक्या धानाची कापणी उरकते, भारी धान मात्र अजून बांध्यांत उभा असतो. अशा त्या मधल्या सवडीच्या दिवसांत अर्जुनी मोरगावच्या परिसरात गावोगाव मंडई भरू लागते. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि रात्री वडशाच्या एखाद्या मंडळीचे नाटक लागलेले असले, म्हणजे सारे गाव चादरी पांघरून पहाटेपर्यंत मंडपात बसून राहते. झाडीपट्टीतल्या या नाटकांचा विषय बहुधा घरचाच असतो: सासूचा जाच, भावाभावांतील वाटणी, व्यसनापायी धुळीला मिळालेला संसार. प्रेक्षक मनसोक्त रडतात, आणि पहाटेच्या सुमारास ज्याच्यामुळे घर मोडले त्या दुष्टाला शासन झाले, की समाधानाने घरी परततात. नाटकाला खलनायक लागतो, यात गैर काही नाही. अडचण एवढीच, की घरी परतल्यावर स्वतःच्या संसारातल्या कुरबुरींचा विचार करतानाही आपण त्याच पात्राचा शोध घेऊ लागतो. आणि कौटुंबिक समुपदेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत जे काही मिळवले, त्याचा आरंभच मुळी हे पात्र नाटकातून काढून टाकण्यापासून झालेला आहे.

गृहकलहाचा निवाडा कचेरीत न जाता गावातच व्हावा, ही इकडची जुनी रीत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात येईपर्यंत सारावसुलीच्या कामाबरोबरच नवराबायकोच्या कज्ज्यातही मालगुजाराच्या शब्दाला वजन असे, आणि जातीचे पंच तर काडीमोडीपासून पाटापर्यंतचे सर्व फैसले करीत. अशा रूढिसिद्ध फारकतीला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही धक्का लावला नाही. पुढे १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, राज्य शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि या जुन्या रीतीला सरकारी शिक्का मिळाला. गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला या मोहिमेने जे रूप घेतले ते मोठे लोभस आहे: घरच्यांचा विरोध असलेल्या प्रेमिकांना समितीच्या साक्षीने एकमेकांच्या गळ्यात हार घालायला लावून त्यांचे लग्न लावून देणे, हे येथील तंटामुक्त समित्यांचे जणू नित्यकर्मच होऊन बसले, आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे वेळोवेळी झळकत राहिली.

समितीचे काम मी कमी लेखीत नाही. ज्या तालुक्यात एका तारखेसाठी मजुरी बुडवून आणि गाडीभाडे खर्चून जावे लागते, तेथे पारावर मिटणारा तंटा हा गरिबाच्या खिशावरचा उपकारच होय. परंतु समितीपुढे प्रकरण आले, की तिला प्रश्न पडतो तो एकच: चूक कोणाची? दोन्ही बाजूंच्या जबान्या होतात, वडीलधारे चार शब्द सुनावतात, समझोत्याच्या कागदावर सह्या-अंगठे होतात आणि सून नांदायला परत जाते. दोन महिन्यांनी तीच सून तीच पिशवी घेऊन पुन्हा माहेरच्या वाटेला लागते, तेव्हा मात्र समितीला वाटते की माणसेच नाठाळ आहेत.

ही अडचण निराळ्या रूपात प्रथम मनोरुग्णांच्या डॉक्टरांना जाणवली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही चिकित्सकांच्या असे ध्यानात आले, की इस्पितळात सुधारलेला रुग्ण घरी पाठवला की पुन्हा बिघडतो, आणि कधी कधी तो सुधारू लागताच घरातले दुसरेच कोणी आजारी पडते. मरे बोवेन यांनी १९५४ पासून मेरीलँडमधील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाच इस्पितळात राहावयास आणून त्यांच्या व्यवहाराचे निरीक्षण केले. कॅलिफोर्नियात ग्रेगरी बेटसन हे मानवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी कुटुंबातील संभाषणांचा अभ्यास करीत होते. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्यासोबत ठेवून घेतले आणि शुश्रूषेत सामील केले. जागा अपुरी होती, हे त्यामागचे एक कारण खरे. पण आप्त जवळ असलेले रुग्ण लवकर बरे होऊन घरी जातात, हे त्यातून दिसले, आणि पुढे वेल्लोर व बंगळूर येथे कुटुंबासह उपचार करण्याची जी परंपरा रुजली तिचे मूळ या तंबूंत आहे. तिकडे जे सिद्धान्तातून आले, ते इकडे अडचणीतून आले, असे म्हटले तरी चालेल.

सिद्धान्त थोडक्यात असा, की कुटुंब ही सुट्या माणसांची बेरीज नसून परस्परांच्या वागणुकीने बांधलेली एक व्यवस्था आहे, आणि तीत प्रत्येकाची कृती हे दुसऱ्याच्या कृतीला दिलेले उत्तर असते. उदाहरणासाठी एक घर कल्पू. मुलगा वर्षातले काही महिने हैदराबादेकडे बांधकामावर जातो, पैसे आईच्या खात्यावर पाठवतो. सुनेला तेलमिठासाठीही सासूपुढे हात पसरावा लागतो. तो घरी आला की सून तक्रार करते. तो गप्प बसतो. तो गप्प बसला की तिचा आवाज चढतो. आवाज चढला की आई मध्ये पडते. आई मध्ये पडली की तो उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसतो. आणि मग घरात उरलेल्या दोघींत जे व्हायचे ते होते. ऐन रोवणीच्या तोंडावर, पऱ्हे उपटायला हात हवे असताना, सून माहेरी निघून जाते. मुलाला विचारले तर तो म्हणेल, ही ओरडते म्हणून मी गप्प बसतो. सून म्हणेल, हे गप्प बसतात म्हणून मला ओरडावे लागते. दोघेही खरे बोलत असतात, आणि म्हणूनच चूक कोणाची या प्रश्नाला तेथे उत्तर नसते.

समुपदेशक हा प्रश्न विचारतच नाही. इटलीतील मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीनुसार तो एकाला दुसऱ्या दोघांविषयी विचारतो. सासूला: “आई, सूनबाई रागावलेली आहे हे घरात आधी कोणाला कळते? मग तुमचा मुलगा काय करतो?” सुनेला: “ते पाळीवर निघून गेले की सासूबाईंचा चेहरा कसा होतो?” यावर एखादी सून क्षणभर थांबून म्हणते, “त्या बी घाबरतेत, मॅडम. बाप असाच निघून जात होता म्हणतेत.” ज्या सासूकडे आजवर जाच करणारी म्हणून पाहिले, तिच्यात नवऱ्याच्या निघून जाण्याला घाबरलेली एक बाई दिसू लागते; समझोत्याच्या कोणत्याही कागदाला हे साधले नसते.

बोवेन यांनी यालाच त्रिकोणाचे नाव दिले. दोन माणसांतील ताण असह्य झाला, की तिसऱ्याला त्यात ओढून तो हलका केला जातो, आणि तिसरा आला की मूळच्या दोघांतला प्रश्न न सुटता तसाच राहतो. आपल्या उदाहरणात पैशाचा प्रश्न वस्तुतः मायलेकांचा आहे. पण मुलगा त्याबद्दल आईशी कधी बोललेलाच नाही, त्याच्या वतीने ते भांडण त्याची बायको भांडते आहे. यावर बोवेनपंथीयांचा उपाय साधा वाटतो, पण आचरायला महाकठीण: मुलाने आईजवळ बसून, बायकोला मध्ये न आणता, आणि पाळीवर न पळता, स्वतःचे म्हणणे सांगावे. माणसांत राहूनही आपले मत आपले ठेवता येणे, आणि मत निराळे झाले म्हणून माणसे न तोडणे, या शक्तीला बोवेन सर्वांत अधिक महत्त्व देत.

अर्जेंटिनात जन्मलेले आणि फिलाडेल्फियात गरीब कुटुंबांत काम केलेले साल्वाडोर मिनुचिन यांचे लक्ष घराच्या रचनेवर होते: कोण कोणाच्या बाजूला बसते, हुकूम कोणाचा चालतो, नवराबायकोच्या नात्याभोवती काही सीमारेषा आहे की नाही. ते बोलता बोलता उठून माणसांच्या खुर्च्या बदलीत. मुलगा आणि सून यांच्यामध्ये बसलेल्या आईला उठवून सुनेला नवऱ्याशेजारी बसवणे, हीच त्यांची चिकित्सा. येथे मात्र मला थोडी शंका आहे. पतिपत्नीचे स्वतंत्र दालन गृहीत धरणारा हा विचार आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येत नाही. जेथे दोन खोल्यांच्या कौलारू घरात सहा माणसे झोपतात, आणि नवराबायकोच्या खोलीला दाराऐवजी जुन्या लुगड्याचा पडदा असतो, तेथे सीमारेषा ही कल्पना भिंतीवर नव्हे, वेळेवर बेतावी लागते. बांधीवर पाणी पाहायला दोघांनी मिळून जावे आणि तेवढा अर्धा तास घरच्यांनी कोणी त्यांना हाक मारू नये, असा ठराव सासूच्याच तोंडून करवून घेणारा समुपदेशक मिनुचिन यांचे पुस्तक न वाचताही त्यांचा खरा शिष्य ठरेल.

निव्वळ जोडप्यांपुरते बोलायचे तर अमेरिकेतील जॉन गॉटमन यांच्या संशोधनाचा उल्लेख टाळता येत नाही. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात त्यांनी जोडप्यांना घरासारख्या सजवलेल्या जागेत ठेवले, भांडताना त्यांच्या नाडीचे ठोके मोजले, आणि संसाराला घातक अशा चार सवयी नोंदल्या: कृतीऐवजी माणसालाच दोष देणे, तुच्छता, स्वतःचा सतत बचाव, आणि मौनाची भिंत उभारणे. त्यांत तुच्छता सर्वांत विषारी. कोणती जोडपी विभक्त होतील याची त्यांनी वर्तवलेली भाकिते फार गाजली. पण ज्या जोडप्यांच्या माहितीवरून सूत्र बसवले त्यांच्यावरच ते पडताळल्याने ती भाकिते दिसतात तितकी भक्कम नाहीत, अशी टीका इतर संशोधकांनी केली आणि ती रास्त आहे. तरी त्यांच्या दोन गोष्टी मला फार उपयोगी वाटतात. एक, नाडीचे ठोके मिनिटाला शंभरापलीकडे गेले की माणसाला ऐकूच येईनासे होते. तेव्हा बोलणे थांबवून निदान वीस मिनिटे दूर व्हावे, पण परत कधी येणार हे सांगून. पाळीवर जाणाऱ्या आपल्या नवऱ्याचे चुकत होते ते जाण्यात नव्हे, न सांगता जाण्यात. दुसरी, नवराबायकोच्या मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के कधीच सुटत नाहीत. सुखी जोडपी त्यांच्यासकट जगायला शिकतात. तंटामुक्तीची प्रतिज्ञा घेतलेल्या गावाला हे ऐकून थोडे खिन्न वाटेल, पण अनुभवी गृहिणीला त्यात नवल वाटणार नाही.

आणखी पंथ पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट माणूस आणि त्याची समस्या यांची फारकत करीत. “तुम्ही दारुडे आहात” असे न म्हणता “दारूने या घरातून आजवर काय काय नेले?” असे विचारले, की तोच माणूस हिशेब सांगू लागतो. सू जॉन्सन रागाच्या तळाशी असलेली, आपल्याला टाकून देतील ही भीती उघड करू पाहत.

आता वरच्या साऱ्या विवेचनाला छेद देणारी गोष्ट. घरात मारहाण असेल, तर प्रत्येकाची कृती ही दुसऱ्याच्या कृतीचे उत्तर, हे तत्त्व अन्यायाचे समर्थन होऊन बसते. मारणारा आणि मार खाणारी यांना एकाच वर्तुळात समान स्थान मिळते. रेचल हेअर-मस्टिन यांनी १९७८ साली स्त्रीवादी दृष्टीने या शास्त्राची झाडाझडती घेतली, तेव्हापासून सत्तेचा प्रश्न त्याला टाळता आलेला नाही. आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा याबाबतीत स्पष्ट आहे: दंडाधिकारी कलम १४ खाली दोघांना, एकेकट्याने किंवा मिळून, समुपदेशनास पाठवू शकतात, परंतु नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे कोणतेही समर्थन करू द्यायचे नाही, आणि ती पुन्हा करणार नाही अशी हमी प्रतिवादीकडून घ्यायची. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला, त्याचेही धोरण हेच होते, की आधी बाईची सुरक्षितता आणि मग संसाराची डागडुजी. नाटकातून काढलेले पात्र येथे परत बोलवावेच लागते. “नवऱ्याने एक थप्पड मारली तर काय झाले,” असे म्हणून सुनेला परत पाठवणारी समिती तंटा मिटवीत नाही, झाकते.

१९८४ च्याच कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकाला प्रथमच न्यायालयात अधिकृत जागा दिली, आणि महाराष्ट्राच्या नियमांनी त्याच्यापुढे झालेले बोलणे गोपनीय ठरवले. त्याला साक्षीला खेचता येत नाही. तालुक्याच्या गावी नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ. समितीची बैठक चारचौघांत भरते, आणि चारचौघांत नवरा आपली भीती सांगत नाही, बायको आपली लाज सांगत नाही. दोघेही आपापली बाजू सांगतात. यासाठी गोंदियाहून तज्ज्ञ येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीची एक खोली, दार लावून घेणारी एक जाणती सदस्या, दोघांशी आधी वेगवेगळे बोलणे, घरात मारझोड आहे का हे बाईला एकटीला विचारणे, असेल तर समझोत्याचा कागद बाजूला ठेवून हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे प्रकरण देणे, आणि नसेल तर तंटा मिटल्याच्या नोंदीपुढेच पुढच्या भेटीची तारीख लिहिणे, एवढे कोणत्याही समितीला जमण्यासारखे आहे. ती तारीख रोवणी आटोपल्यानंतरची असावी, कारण रोवणीत कोणी येत नाही.