नवा टॅब हवाय? आधी वही-पेन्सिल घ्या!

मुलांनो, २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि कितीतरी घरांत पहिल्यांदाच टॅब आला. कुणाच्या घरी तो अजूनही आहे. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, बॅटरी पटकन उतरते, आणि धडा उघडायला म्हणावं तर गोल गोल चक्र फिरत बसतं. तेवढ्यात नव्या मॉडेलची जाहिरात दिसते. झालं! घरात हट्ट सुरू होतो, "बाबा, आता नवा घ्या ना!" बाबा म्हणतात, "अरे, आहे तो चालतोय की!"

दोघांचंही म्हणणं थोडं थोडं खरं असतं. पण घरातले इतके पैसे खर्च करायचे, तर ते नुसत्या हट्टावर किंवा नुसत्या नकारावर ठरवू नयेत. त्यासाठी एक वही घ्या. आपण जुन्या टॅबची परीक्षा घेणार आहोत.

त्याआधी एक खरी गोष्ट ऐका. ॲपल कंपनीने पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आणला. वर्ष उलटतंय न उलटतंय तोच, मार्च २०११ मध्ये आयपॅड २ आला. पहिल्याचं वजन ६८० ग्रॅम, दुसऱ्याचं सुमारे ६०० ग्रॅम. पहिला १३.४ मिलिमीटर जाड, दुसरा फक्त ८.८. पहिल्याला कॅमेराच नव्हता, दुसऱ्याला दोन होते. पण पडदा? दोघांचाही ९.७ इंचांचा. बॅटरी? कंपनीच्या सांगण्याप्रमाणे दोघांचीही १० तास. म्हणजे नुसतं वाचायला आणि चित्रपट पाहायला टॅब वापरणाऱ्याने पहिला टाकून दुसरा घेतला असता, तर त्याच्या वाचनात काय फरक पडला असता? फारसा नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही बरं का! टॅब ज्या मूळ प्रणालीवर चालतो, ती कंपनी वेळोवेळी सुधारून देते. त्याला आपण 'अपडेट' म्हणतो. २०१२ साली आयओएस ६ ही नवी प्रणाली आली, ती पहिल्या आयपॅडला मिळालीच नाही. जेमतेम अडीच वर्षांचा तो, पण मागे पडला. आयपॅड २ ला मात्र २०१५ सालच्या आयओएस ९ पर्यंत अपडेट मिळत राहिले. वरून पाहणाऱ्याला पातळपणा आणि कॅमेरा दिसला. खरा मोठा फरक आतल्या आयुष्याचा होता, आणि तो जाहिरातीत कुठेच लिहिलेला नव्हता.

आता आपली परीक्षा.

पहिला पेपर : मंद कोण आहे? टॅब हळू चालतो, की घरातलं नेट हळू चालतं? तोच व्हिडिओ त्याच नेटवर दुसऱ्या फोनवर लावून पाहा. तिथेही अडकला, तर बिचाऱ्या टॅबचा दोष नाही. नंतर सेटिंगमध्ये जाऊन साठवणीची जागा किती उरली ते बघा. जुने व्हिडिओ, न लागणारे गेम काढून टाका आणि टॅब बंद करून पुन्हा सुरू करा. पुष्कळदा एवढ्यानेच तो हुशार होतो.

दुसरा पेपर : बॅटरी. टॅबमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या संशोधनासाठी २०१९ साली जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ आजोबा ९७ वर्षांचे होते! या बॅटरीत लिथियमचे कण चार्ज होताना एका बाजूला जातात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडी झीज होते. आज निम्मी वापरली आणि उद्या निम्मी, की एक फेरी पूर्ण. उष्णतेने झीज वाढते, म्हणून टॅब उन्हात किंवा उशीखाली ठेवू नका.

आठवडाभर रोज लिहून ठेवा : १०० टक्के चार्ज केल्यावर किती तास चालला? अगदीच कमी चालत असेल, तर दुरुस्तीवाल्याला नवी बॅटरी बसवण्याचा खर्च विचारा. आणि एक महत्त्वाचं : बॅटरी फुगून काच किंवा पाठ वर उचलली गेली असेल, तर टॅब लगेच वापरणं थांबवा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, मोठ्यांना सांगा. तिथे काटकसर नको.

तिसरा पेपर : अपडेट. सेटिंगमध्ये शेवटचा अपडेट कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. ते येणं बंद झालं असेल, तर टॅबचे दरवाजे हळूहळू सैल होतात. अशा टॅबवर आईबाबांनी बँकेचे व्यवहार करू नयेत. मात्र उतरवून ठेवलेली बालभारतीची पुस्तकं त्यावर खुशाल वाचा.

आता गणित! समजा, नवा टॅब १८,००० रुपयांना आहे. तो ३ वर्षं वापरला तर महिन्याला ५०० रुपये पडले. ६ वर्षं वापरला तर २५०. आणि समजा, जुन्याला ३,००० रुपयांची बॅटरी घालून तो आणखी २ वर्षं चालला, तर महिन्याला फक्त १२५! तुमच्या घरचे खरे आकडे घालून हे गणित आईबाबांसमोर मांडा. हट्टापेक्षा ते जास्त चालतं, पाहा करून.

या गणितात न दिसणारा एक खर्चही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातल्या शंभर किलोंपैकी जेमतेम २२ किलो कचऱ्यावर नोंदणीकृत ठिकाणी नीट प्रक्रिया झाली. म्हणून जुना टॅब केरात टाकायचा नाही. चालू असेल तर आपली खाती आणि फोटो पुसून कुणा गरजूला द्या. बंद पडला असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या.

पालकहो, एक शब्द तुमच्यासाठी. तिन्ही पेपर नापास झाले, तर मूल हट्ट करतंय म्हणून विषय टाळू नका. अभ्यासाला लागणारं साधन खरंच थकलं असेल, तर ते बदलायलाच हवं. घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी हे विचारा : याला अपडेट किती वर्षं मिळणार, आणि बॅटरी बदलून मिळते का? युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून नियमच केलाय, की तिथे विकल्या जाणाऱ्या टॅबची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के शक्ती धरून राहिली पाहिजे. असा प्रश्न आपण आपल्या दुकानातही विचारायला काय हरकत आहे?

आणि मुलांनो, तुमचा जुना टॅब पास झाला तर? मग काच पुसा, नवं कव्हर घाला आणि वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. बघा, वहीचं एक पान तर अजून कोरंच आहे!