द्रव लागताच वळणारे प्लास्टिक

पावसाळा सरला की पालघर-वाड्याच्या माळांवर कुसळी गवत पिकते. बीला चिकटलेले लांब कुसळ कोरडे असताना पीळ खाते आणि दव पडले की पीळ सोडते. या हालचालीने बी मातीत रुतते. कुसळ निर्जीव असते, त्यात स्नायू नसतात. सारे काम सेल्युलोजच्या तंतूंच्या मांडणीचे. ओलाव्याने फुगताना कुसळाला तंतूंच्या दिशेने लांबता येत नाही, म्हणून फुगवटा आडवा जातो आणि कुसळ वळते.

हे तत्त्व आता त्रिमितीय (थ्री-डी) छपाईत आले आहे. 2013 मध्ये एमआयटीचे स्कायलर टिबिट्स यांनी पाण्यात आपोआप दुमडणाऱ्या छापील वस्तू दाखवल्या आणि ‘फोर-डी प्रिंटिंग’ हे नाव रूढ झाले. यातली चौथी मिती काळाची. 2016 मध्ये हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या गटाने हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी शोषणाऱ्या जेलमध्ये, सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू मिसळले. नोझलमधून बाहेर पडताना हे तंतू छपाईच्या रेषेत येतात. रेषांचे कोन नीट आखले की सपाट छापलेले फूल पाण्यात उमलते.

छपाई नसली, तरी आकार बदलणाऱ्या जेलवर महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि सहकाऱ्यांनी तांब्याचे आयन असलेल्या द्रावणात स्वतःहून पोकळ गोळ्याचा आकार घेणारे जेल घडवले.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला हा विषय जवळचा आहे. रसायने आणि औषधांच्या कारखान्यांत गॅस्केट, पाइप, व्हॉल्व्ह यांची सॉल्व्हंटशी रोज गाठ असते. टोल्युइनमध्ये नैसर्गिक रबर फुगते, तेव्हा आपण त्याला बिघाड म्हणतो. तोच फुगवटा आधीच आखून छापला, तर गळती होताच फट बुजवणारी रिंग किंवा विजेशिवाय बंद होणारा व्हॉल्व्ह घडवता येईल. तेलविहिरींत फट बुजवायला फुगणारे रबरी पॅकर आजही वापरतात.

अडचण वेगाची आहे. द्रव आत झिरपायला वेळ लागतो. जाडी दुप्पट केली की हा वेळ साधारण चौपट होतो. शिवाय फुगलेले जेल मऊ पडते, दाबाखाली टिकत नाही. त्यामुळे सुरक्षेची भिस्त इतक्यात त्यावर ठेवता येणार नाही.

पण तयारी आत्ताच सुरू व्हावी. कोणत्या सॉल्व्हंटमध्ये कोणते पॉलिमर किती आणि किती वेळात फुगते, याची मोजमापे तारापूरचे कारखाने आणि पालघर जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून घ्यायला हवीत.