न दिसणाऱ्या दिव्याचा उजेड

“मामा, यूव्ही दिवा लावलाय, पण काहीच चमकत नाहीये रे!”

इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. महिनाभर खपून त्याने आपला कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. कॅबिनेटची एक बाजू काचेची. आत प्रोसेसर पाण्याने थंड ठेवायची सोय, म्हणजे इवलासा पंप, मोटारीत असतो तसा रेडिएटर आणि पारदर्शक नळ्यांतून फिरणारं पोपटी कूलंट. अतिनील उजेडात हे कूलंट झगझगेल, असं बाटलीवर लिहिलेलं. पंख्यांची पाती आणि वायरींची वेष्टणंही तसलीच निवडलेली. आणि दिवा लावल्यावर? सगळं नुसतं जांभळं! नळ्या जांभळ्या, पंखे जांभळे, बघणाऱ्याचा चेहरासुद्धा जांभळा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. बरोबर काय नेलं असेल, ओळखा पाहू! हळद, खोबरेल तेल आणि एक टॉर्च.

पण हळदीची पुडी सोडण्याआधी आपण १८५२ सालात एक चक्कर मारून येऊ. इंग्लंडमध्ये केंब्रिजला जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी अंधाऱ्या खोलीत उन्हाची एक तिरीप घेतली आणि लोलकातून तिचे रंग पसरवले. मग हिवतापावरच्या कडू क्विनीनचं द्रावण एका काचनळीत भरलं आणि ती नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबड्यात काही नाही. पिवळ्यात, हिरव्यात काही नाही. नळी जांभळ्याच्या टोकापर्यंत आली, त्याच्याही पलीकडे गेली, जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसत होता, आणि तिथे ती निळी उजळून निघाली! अंधारात नेल्यावर उजळणारी नळी. मला स्वतःला विज्ञानातल्या सगळ्या प्रयोगांत हा फार आवडतो.

तो अंधार रिकामा नव्हता. जांभळ्याच्या पलीकडे न दिसणारे किरण असतात हे १८०१ सालीच योहान रिटर या जर्मन संशोधकाला कळलं होतं, कारण चांदीचा एक क्षार तिथे भराभर काळा पडत होता. हेच आपले अतिनील किरण. स्टोक्सनी दाखवलं की काही पदार्थ हे न दिसणारे किरण पिऊन घेतात आणि दिसणारा उजेड परत देतात. फ्लोरस्पार नावाचं खनिजही असंच उजळतं, म्हणून त्यांनी या करामतीला फ्लुरोसन्स नाव दिलं. मराठीत प्रतिदीप्ती.

हे घडतं कसं? उजेड सुट्या सुट्या कणांनी येतो आणि प्रत्येक कणाच्या खिशात ठरावीक ऊर्जा असते. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील कणाकडे ३४ रुपये आहेत असं धरलं, तर ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या कणाकडे २४ रुपये निघतात. रंगाचा रेणू ३४ रुपये घेतो, क्षणभर थरथरतो, त्या थरथरण्यात १० रुपये उष्णता होऊन खर्चतात आणि उरलेले २४ तो हिरवा उजेड म्हणून परत करतो. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही अब्जांश भागात आटोपतो. म्हणून तर दिवा बंद केला की चमकही गेली. खोलीच्या छतावर चिकटवलेल्या चांदण्या मात्र दिवा घालवल्यावरही चमकत राहतात. त्यांची तऱ्हा निराळी.

आता हळद. वाटीभर खोबरेल तेलात चिमूटभर हळद ढवळली, खोलीतला दिवा घालवला आणि वरून माझा टॉर्च धरला. वाटीतून हिरवट-पिवळा उजेड वर आला! भाचा म्हणाला, “अरे, ही तर घरातली हळद!” मग त्याच वाटीवर कॅबिनेटमधली त्याची एलईडी पट्टी धरली. तेल आताही चमकत होतं, पण ती चमक जांभळ्या उजेडात बुडून गेली होती.

सापडली की गोम! यूव्ही म्हणून मिळणाऱ्या कित्येक स्वस्त पट्ट्या ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या असतात, म्हणजे अगदी उंबरठ्यावरच्या. त्यांचा बराच उजेड आपल्याला जांभळा दिसतो. माझा टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा होता आणि त्याच्या तोंडावर काळपट काच होती. दिसणारा उजेड अडवून अतिनील तेवढा सोडणारी अशी काच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तयार केली. म्हणजे कॅबिनेटमध्ये उजेड वाढवायचा नव्हताच. दिसणारा उजेड घटवायचा होता.

मग आम्ही कामाला लागलो. आधी कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला. समोर दिसणारी पट्टी सोडवून ३६५ नॅनोमीटरची नवी पट्टी वरच्या कडेच्या आत लपवली, अशी की बघणाऱ्याच्या डोळ्यांत दिवा येऊच नये. नळ्यांच्या जितकी जवळ तितकं बरं, कारण ठिपक्याएवढ्या दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौथाईवर येतो. मागच्या पांढऱ्या पत्र्यावर काळा कागद लावला. रंग बदलणारे शोभेचे दिवे बंद केले.

नळ्या उजळल्या, पण कडेकडेलाच, आत अंधूक. “यात रंग किती घातलास?” मी विचारलं. बाटलीवर सांगितलं होतं त्याच्या दुप्पट! जास्त रंग म्हणजे जास्त चमक, असा त्याचा हिशेब. पण रंग दाट झाला की वरचा पातळ थरच सगळे अतिनील किरण पिऊन टाकतो आणि आतल्या रेणूंच्या वाट्याला काही उरत नाही. शिवाय दाटीतले रेणू एकमेकांची चमकही मारतात. निम्मं कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर घातलं, आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोपटी पेटली!

एक गोष्ट तुम्ही दिवसाउजेडीही बघू शकता. झगझगीत हिरव्या किंवा नारिंगी प्लॅस्टिकची पारदर्शक फूटपट्टी घ्या. तिच्या कडा मधल्या भागापेक्षा कितीतरी उजळ दिसतात ना? आत तयार झालेला उजेड सपाट पृष्ठभागांवर आपटत, परावर्तित होत कडेपर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडतो. भाच्याच्या कॅबिनेटमधल्या अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यांच्या कडा अशाच आखून काढल्यासारख्या चमकत होत्या.

हे सगळं बघताना दिव्याकडे मात्र सरळ बघायचं नाही हं. दिसत नाही म्हणून तो मंद आहे असं डोळ्यांना वाटतं, आणि इजा तर होऊ शकते. आपल्या डोळ्याचं भिंगसुद्धा अतिनील उजेडात हलकेच चमकतं, म्हणून अशा दिव्यासमोर धुरकट दिसायला लागतं. तसं वाटलं की नजर वळवा. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला जंतुनाशक अतिनील दिवा तर याहून कडक, २५४ नॅनोमीटरचा. त्याच्याशी खेळ मुळीच नको. हळदीचा प्रयोगही घरातलं मोठं माणूस जवळ असतानाच करा.

रात्री खोलीत अंधार केला, कॉम्प्युटर सुरू केला. पंखे नारिंगी, नळ्या पोपटी, बाकी काळंकुट्ट. भाचा काचेला नाक लावून बसला. आणि एकदम म्हणाला, “मामा, ह्या निळ्या चांदण्या कसल्या?”

काळ्या कागदावर खरंच बारीक निळे-पांढरे ठिपके लुकलुकत होते. आम्ही तर तिथे काहीच लावलं नव्हतं. मी आत हात घालून एक ठिपका चिमटीत धरला. कापसाचा केसाएवढा धागा! मग टॉर्च माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर फिरवला, आणि अख्खी बाही निळीपांढरी झळाळली. पूर्वी पांढरे कपडे पिवळट दिसू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ घालायचे. आता कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींत असे पदार्थ असतात, जे उन्हातले अतिनील किरण घेऊन निळा उजेड देतात. त्याने कपडा जास्त पांढरा दिसतो. दिवसभर कॅबिनेटमध्ये वाकून काम करताना माझ्याच सदऱ्याचे तंतू आत सांडले होते.

“पुसून घेऊ या का?” मी ब्रश उचलला.

“नको, आजची रात्र राहू दे,” भाचा म्हणाला.