मऊ छपराची सुटलेली कांच

पुण्याच्या दक्षिण अंगास असलेला स्वारगेटचा चौक आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहेच. एस. टी.चें स्थानक, शहरांतील बसगाड्यांचा थांबा आणि ता. २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालून येणारी मेट्रो, अशा तीन वाहतुकींचा तेथें संगम झाला आहे. व या तिहींतून उतरणाऱ्या उतारूंची वाट पाहत रिक्षांची रांग उभी असते. या रांगेच्या मागें उभें राहून कोणी पाहील, तर प्रत्येक रिक्षाच्या हूडाच्या पाठीस एक लहानशी पारदर्शक खिडकी दिसेल. कोठें ती स्वच्छ असते, कोठें पिवळी पडलेली, तर कोठें एका कोपऱ्यास लोंबत असते. तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमचेंहि गेलें नव्हतें.

परंतु एका जून महिन्याच्या आरंभीं, आमच्या शाळेंतील कांहीं मुलांस रोज नेणारे-आणणारे रिक्षावाले काका मोठे चिंतातुर होऊन आमच्याकडे आले. त्यांच्या हूडाची मागील कांच तीन बाजूंनीं सुटली होती. पहिल्याच पावसांत मुलांचीं दप्तरें भिजलीं होतीं आणि एका पालकांनीं दुसरी रिक्षा पाहण्याची गोष्ट काढली होती. काकांनीं पादत्राणांस लावतात तें रबरी सोल्यूशन लावून कांच चिकटविली; पण पाऊस उघडून ऊन पडतांच ती पुन्हां सुटली. "सर, तुम्ही मुलांना विज्ञान शिकवितां, हें असें कां होतें तें सांगा," असें ते म्हणाले. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून त्या शनिवारीं दुपारीं त्यांच्याबरोबर आम्ही जवळच्या गल्लींत हूडें व गाड्यांचीं सीटकव्हरें शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलों. तेथें जें पाहिलें व पुढें वाचून जें समजलें, तें येथें देत आहों.

रिक्षावाले जिला कांच म्हणतात ती कांच नव्हे. टांग्याच्या टपास अशी खिडकी क्वचितच असे. पहिल्या मोटारगाड्यांच्या कापडी पडद्यांत अभ्रकाचे व पुढें सेल्युलॉइडचे तुकडे बसवीत. पण अभ्रकाचे पापुद्रे सुटत व सेल्युलॉइड चटकन् पेट घेई. १९२६ सालीं अमेरिकेंत वॉल्डो सीमन यांनीं पी. व्ही. सी. नांवाच्या कठीण पदार्थांत तेलासारखा द्रव मिसळून त्यास रबरासारखें मऊ केलें, आणि पुढें त्याच जातीच्या पारदर्शक पत्र्यानें या खिडक्यांची जागा घेतली. १९५९ सालीं बजाज ऑटोस दुचाकी व तीनचाकी वाहनें बनविण्याचा परवाना मिळाला, व पुण्याची रिक्षा देशभर पसरली. तिच्याबरोबर ही खिडकीहि गेली.

आतां ती सुटते कां? याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें कारण तो तेलकट द्रवच. उन्हानें तो हळूहळू बाहेर येतो. द्रव गेला कीं पत्रा पिवळा, कडक व ठिसूळ होतो, आणि किंचित् आकसतोहि. आकसला कीं शिवणीस ताण बसतो. हाच द्रव रबरी सोल्यूशनमध्यें शिरून त्यास पातळ करितो. काळें हूड उन्हांत तापलें कीं उरलेला चिकटपणाहि जातो. काकांच्या प्रश्नाचें उत्तर हें होतें.

दुसरें कारण दोरा. सुती दोरा पाण्यानें कुजतो, नायलॉनचा दोरा उन्हानें जिरतो. त्या मानानें पॉलिएस्टरचा दोरा ऊनपाऊस अधिक सोसतो. तिसरें कारण सुईचीं छिद्रें. कापडांत सुई गेली तर धागे बाजूस सरतात व पुन्हां जवळ येतात. प्लॅस्टिकमध्यें पडलेलें भोंक कधींच बुजत नाहीं. टांके फार जवळ घातले, तर टपालाच्या तिकिटांमधील छिद्रांच्या रांगेसारखी रांग तयार होते, आणि तिकिटें जशीं तेथें फाटतात तशीच कांचहि फाटते.

कारागिरानें प्रथम हूड सांगाड्यावरून उतरविलें आणि जी एक बाजू अजून शाबूत होती तीहि उसवून टाकली. "अर्धी धड आहे ती कां सोडतां?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "सर, ज्या दोऱ्यानें तीन बाजू सोडल्या, तोच दोरा चौथ्या बाजूला आहे. आज नाहीं तर उद्यां तीहि सुटणारच." मग त्यानें जुनी कांच हळूच वांकविली, ती करकरली, तेव्हां बाजूस ठेविली. वांकविली असतां जी मऊ राहते, तीच पुन्हां शिवण्याच्या योग्यतेची, असा त्याचा नियम होता.

त्यानंतर कागदाचा नमुना कापून त्यानें नवी कांच भोंकापेक्षां चोहों बाजूंनीं दोन बोटें मोठी घेतली. कोपरे काटकोनी न ठेवतां गोल केले, कारण फाटण्यास आरंभ टोंकदार कोपऱ्यांतूनच होतो. रेक्झिनच्या जुन्या छिद्रांमागें नवी पट्टी लावली, म्हणजे नवा दोरा जुन्या भोंकांच्या भरंवशावर राहूं नये. टांचण्या मुळींच वापरल्या नाहींत. चारहि बाजूंचे मध्यबिंदू खडूनें खुणावून तेथें चिमटे लावले, व मग कोपऱ्यांकडे येत गेला. यायोगें सुरकुती एकीकडे सांचत नाहीं. कांच शिवणयंत्राच्या पायास चिकटूं नये म्हणून वर पातळ कागद ठेवून त्यानें मोठ्या टांक्यांची दुहेरी टीप घातली आणि कागद फाडून काढला. वरच्या कडेस रेक्झिन कांचेवर येईल असें ठेविलें. घराचीं कौलें एकावर एक चढवितों त्यांतील तत्त्व हेंच. खालच्या कडेस पाणी अडून राहतें, म्हणून तेथें गोट लावून शिवण झाकली. शेवटीं हूड चढवून वरून बादलीभर पाणी ओतलें. आंत एक थेंबहि आला नाहीं. काकांची अर्ध्या दिवसाची कमाई बुडाली खरी, पण पावसाळ्याची काळजी मिटली.

कांहीं मोटारींचीं कापडी छपरें दुमडतां येतात. त्यांपैकीं कित्येकांत हल्लीं खरी कांच असते, आणि ती शिवलेली नसून कापडास चिकटविलेली असते. ती सुटली तर कृति निराळी. जुना गोंद दोन्हीं अंगांवरून पूर्ण खरवडावा. कांच स्पिरिटनें पुसावी व मग तिला बोट लावूं नये, कारण बोटाचा तेलकटपणाहि जोड बिघडवितो. तिची मूळ जागा कागदी पट्ट्यांनीं खुणावून घ्यावी. छप्पर अर्धवट उघडून कापड सैल करावें, मोटारीच्या कांचांसाठीं मिळणारा पॉलियुरेथेनचा गोंद अखंड रेषेंत लावावा, आणि लांकडी पट्ट्यांनीं सर्वत्र सारखा दाब द्यावा. हा गोंद हवेंतील ओलाव्यानें आळतो. डब्यावर लिहिलेला काळ पुरा होईपर्यंत छप्पर ताणूं नये. येथें घाई करणाराचें काम दोनदां होतें.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपलीं मुलें ज्या रिक्षांतून जातात, तिच्या कांचेचे कोपरे मे महिन्यांत एकदां अंगठ्यानें दाबून पाहावे. बोटभर सुटलेली शिवण थोडक्यांत दुरुस्त होते. कांच प्रथम पाण्यानें धुवावी, मगच मऊ फडक्यानें पुसावी. कोरडी धूळ घासली तर ओरखडे पडतात. पेट्रोल किंवा रॉकेल तिला लावूं नये. मागून येणारें वाहन चालकास ज्या वाटेनें दिसतें, ती वाट आंधळी होऊं देणें धोक्याचें आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती जुनी कांच कारागिरानें आम्हांस उजेडांत धरून दाखविली. डाव्या कोपऱ्यांत शिवणीपासून दूर सहा-सात बारीक गोल भोंकें होतीं. तीं सुईचीं नव्हतीं. कर्कटकाच्या टोंकाचीं होतीं, आणि फाटण्यास आरंभ तेथूनच झाला होता. सोमवारीं आम्हीं ती कांच वर्गांत मेजावर ठेविली, व वर दिलेली सर्व हकीकत सांगितली. कोणास कांहीं विचारलें नाहीं. मधल्या सुटींत दोन मुलें फाटकापाशीं जाऊन काकांस भेटलीं. तीं काय बोललीं तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु तेव्हांपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर ती नवी कांच धुण्याचें काम त्या दोघांनीं आपणाकडे घेतलें आहे.