आईला कोण विचारते?

पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर गाठावे आणि तेथून वेल्ह्याची वाट धरावी, म्हणजे राजगडाच्या परिसरातील मार्गासनी लागते. गडाकडे जाणाऱ्यांना हे गाव वाटेवरचा थांबा म्हणून ठाऊक आहे. परंतु अशा गावातील एखाद्या बालकाला पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला, तर त्या घरावर काय बेतत असेल, याचा विचार आवर्जून व्हावयास हवा.

हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. आईबापांच्या हलगर्जीपणाने तर नव्हेच. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि मग ते बाहेरून टोचण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन प्रथम देण्यात आले. तोपर्यंत या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूची सूचनाच होती. आज असे मूल जगते, शिकते, खेळते. मात्र त्याची किंमत त्याचे घर रोज मोजत असते.

दिवसातून तीन-चार वेळा सुई, तितक्याच वेळा बोट टोचून रक्ताची तपासणी, ताटातला भात आणि मैदानावरची धावपळ यांचा सतत हिशेब! न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाची. वीज गेली की ओल्या मडक्याचा आधार. झोपेत साखर उतरेल या धास्तीने रात्री उठून लेकराच्या कपाळाला हात लावून पाहावयाचे. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांनी काही मिनिटांची. उरलेले सारे दिवस डॉक्टर म्हणजे आईच.

आणि तिचे मूल्यमापन होते ते रक्ततपासणीतील एका आकड्यावरून. तो आकडा महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. साखर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी टळते वा लांबते, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील प्रदीर्घ पाहणीने दाखवून दिले. परंतु आईला झोप मिळते काय, शहरातील खेपेपायी बापाची किती मजुरी बुडते, मुलीच्या लग्नाच्या धास्तीने घर हा आजार लपवीत तर नाही ना, हे त्या आकड्यातून कळत नाही. उपचारांबाबतचे समाधान जोखणारी क्लेअर ब्रॅडली यांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. उपचार सोयीचे वाटतात काय, ते नीट उमगले आहेत काय, ते असेच पुढे चालू ठेवावेसे वाटतात काय, असे साधे प्रश्न तीत आहेत. ते साध्या मराठीत विचारण्यास फारसा खर्च येत नाही.

इन्शुलिनचीच जेथे भ्रांत, तेथे समाधानाची चौकशी ही चैन नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. वस्तुतः थकलेल्या, एकाकी घरातच सुया चुकतात. घराचे स्वास्थ्य हा औषधयोजनेचाच भाग आहे.

पुण्यात जहांगीर रुग्णालयातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा मुलांवर उपचार आणि संशोधन चालते. हे ज्ञान नसरापूरची वाट चढून वर आले पाहिजे. इन्शुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या जवळच्या सरकारी केंद्रात मिळाव्यात. घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसताच शुद्धीवर असलेल्या मुलाला साखर द्यावी, बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये आणि त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे, एवढे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या व फळे जवळ बाळगण्याची मुभा दिली. गावच्या शाळेतही असाच समजूतदारपणा हवा. गुरुजींना हे ठाऊक आहे एवढा भरवसा लाभला, तरी आईला शाळेच्या वेळेत शेतावर जाता येईल.

मुलाची साखर किती, हे विचारणे वैद्यकाचे कर्तव्यच आहे. त्यापाठोपाठ ‘बाई, तुम्ही कशा आहात?’ एवढे विचारले गेले, तर उपचार खऱ्या अर्थाने त्या घरात पोहोचले असे म्हणता येईल.