डबीतलं नाणं, डबीबाहेरचा भाव

मार्च १९६२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात जॉर्ज वॉल्टन नावाचे संग्राहक मोटार अपघातात गेले. नाण्यांच्या प्रदर्शनाला निघाले होते, त्यामुळे गाडीत नाणी होतीच. त्यांत पाच सेंटचं एक नाणं होतं, १९१३ सालचं ‘लिबर्टी निकेल’. या सालाची, या छापाची जगात फक्त पाच नाणी माहीत आहेत. वारसांनी संग्रह लिलावाला दिला तेव्हा लिलाववाल्यांनी हे नाणं परत केलं. साल बदललेलं आहे, खोटं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. वॉल्टन यांच्या बहिणीने ते कपाटात ठेवून दिलं आणि चाळीस वर्षं ते तिथंच राहिलं.

२००३ मध्ये बाल्टिमोरला नाणेसंग्राहकांचं मोठं अधिवेशन भरलं. बेपत्ता पाचव्या नाण्यासाठी दहा लाख डॉलर देऊ, असं एका कंपनीने आधी जाहीर केलं होतं. ते वाचून कुटुंबाने कपाटातलं नाणं तिथं नेलं. उरलेली चारही नाणी तिथं प्रदर्शनात मांडलेली होती. सहा तज्ज्ञांनी रात्री उशिरा पाचही शेजारी ठेवून पाहिली आणि एकमताने सांगितलं, खरं आहे. एप्रिल २०१३ मध्ये ते लिलावात ३१,७२,५०० डॉलरला गेलं.

या एकावन्न वर्षांत नाण्यात काहीच बदललं नव्हतं. बदललं ते त्याच्याबद्दलचं मत, आणि ते मत देणाऱ्याची पत. दुर्मिळ नाण्यांच्या बाजारात धातूइतकीच, पुष्कळदा जास्तच, या मताला किंमत असते. गेल्या चार दशकांत या मताचा रीतसर धंदा झाला आहे. नाणं तपासायचं, त्याला १ ते ७० मधला एक आकडा द्यायचा आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून टाकायचं. या डबीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात.

७० हा आकडा शंभरासारखा गोल नाही, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. विल्यम शेल्डन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटचे अभ्यासक होते. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेली ही श्रेणी मुळात भाव काढण्यासाठीच होती. जेमतेम ओळखू येणारं झिजकं नाणं १ वर धरायचं. त्याच प्रकारचं निर्दोष नाणं त्याच्या सत्तरपट किमतीचं, म्हणून ७०. बाजारभाव बदलले, हे गणित काही वर्षांतच कोलमडलं, आकडे मात्र राहिले. आज ६० ते ७० हे अकरा आकडे फक्त न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत. आणखी एक गोष्ट. शेल्डन वारल्यानंतर असं उघड झालं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्यांनी तिथं हलकी ठेवली होती. दर्जा ठरवण्याची मोजपट्टी देणाऱ्या माणसाला दर्जाची पारख होती, यात शंका नाही.

पूर्वी दर्जा ठरवायचा तो व्यापारीच. विकत घेताना तो म्हणायचा, ‘वापरलेलं दिसतंय’. विकताना तेच नाणं ‘जवळजवळ कोरं’ व्हायचं. आपल्याकडच्या सराफ्यात मोडीच्या सोन्याचा अनुभव घेतलेल्यांना हे समजावून सांगायला नको. १९७२ मध्ये अमेरिकन न्यूमिझमॅटिक असोसिएशनने खरं-खोटं तपासायची सेवा सुरू केली, १९७९ पासून ती छायाचित्रासह दर्जाही लिहून देऊ लागली. पण कागद नाण्याला चिकटलेला नसतो. प्रमाणपत्र एका नाण्याचं आणि हातात दुसरंच, हे सहज जमत होतं. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात पीसीजीएस सुरू झाली, १९८७ मध्ये एनजीसी. नाणं आणि चिठ्ठी त्यांनी एकाच डबीत सीलबंद केली. ही डबी ध्वनिलहरींनी सांधलेली असते, फोडल्याशिवाय उघडत नाही.

आतलं काम असं चालतं. नाणं कोणाचं आहे हे तपासनिसाला कळू देत नाहीत. एकाहून जास्त तपासनीस स्वतंत्रपणे आकडा देतात, मतभेद झाला तर ज्येष्ठ माणूस निर्णय करतो. अंधाऱ्या खोलीत एका दिव्याखाली नाणं तिरकं करून फिरवायचं आणि उजेडाकडे पाहायचं. ठशाच्या दाबाने धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा उमटतात. नाणं हलवलं की या रेघांमुळे उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. हीच टांकसाळीची मूळ झळाळी. ती एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. मग राजाचा गाल, केस, मुकुट या उंच जागी झीज आहे का, मोकळ्या जागेत पिशवीतल्या इतर नाण्यांचे ओरखडे किती, हे पाहायचं. सरावलेल्या डोळ्याला हे सगळं बघायला फार वेळ लागत नाही.

भावावर याचा पहिला परिणाम झाला तो अमेरिकेत. व्यापारी नाणी न पाहताच बोली लावू लागले. अमुक सालाचा डॉलर, अमुक आकडा, इतके पैसे. शेअरसारखा व्यवहार म्हटल्यावर वॉल स्ट्रीट मागे कशाला राहील? किडर पीबॉडीसारख्या कंपनीने दुर्मिळ नाण्यांचा फंड काढला. १९८९ मध्ये भाव आकाशाला भिडले आणि १९९० नंतर धाडकन खाली आले. नाण्यांचा दर्जा बदलला नव्हता. आकडा छापलेला असला तरी समोर गिऱ्हाईक लागतंच, हे मात्र अनेकांना तेव्हा कळलं.

दुसरा परिणाम जास्त टिकाऊ निघाला. सान फ्रान्सिस्को टांकसाळीचा १८८४ चा मॉर्गन डॉलर घ्या. ३२ लाख पाडले होते. झिजलेला आजही हौशी माणसाच्या खिशाला परवडतो, त्यात दुर्मिळ असं काही नाही. पण बहुतेक सगळे वापरात गेले, कोरे फारच थोडे उरले. त्यामुळे ६५ च्या पुढचा आकडा मिळालेलं नाणं लाखो डॉलरांत जातं. म्हणजे इथं दुर्मिळ आहे ती स्थिती. कोणत्या आकड्याची किती नाणी तपासून झाली, याची यादी कंपन्या प्रसिद्ध करतात. ‘याहून वरचं एकही नाही’ हे वाक्य त्या यादीतूनच येतं, आणि श्रीमंत संग्राहक त्याच वाक्यासाठी पैसे मोजतात. मला हा सगळा प्रकार थोडा पोकळ वाटतो, कारण उद्या एखाद्या बँकेच्या तिजोरीतून तशीच चार नाणी निघाली तर ते वाक्य पुसलं जातं.

शिवाय ६४ आणि ६५ यांच्यातली रेघ माणसाच्या डोळ्याने ओढलेली असते. भावात दहापट फरक असेल तर व्यापारी ६४ ची डबी फोडतो आणि नाणं पुन्हा धाडतो; या वेळी ६५ मिळालं तर खर्च वसूल होऊन वर बराच नफा. न मिळालं तर पुन्हा. जुनी चिठ्ठी कंपनीला परत केली नाही तर यादीत तेच नाणं दोन-तीनदा मोजलं जातं. त्यावर उतारा म्हणून २००७ मध्ये सीएसी ही कंपनी निघाली. डबीतल्या नाण्याने आपला आकडा नीट कमावला आहे असं वाटलं तर ती डबीवर हिरवी चिकटपट्टी लावते. परीक्षकाच्या वर परीक्षक. आणि बाजार त्या चिकटपट्टीचेही वेगळे पैसे देतो!

एवढं असूनही डबी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. तिचं खरं काम आकड्याच्या आधीचं आहे, खरं की खोटं ते सांगण्याचं. १९०९ चा व्ही.डी.बी. अक्षरांचा लिंकन सेंट फिलाडेल्फियात कोट्यवधींनी पाडला गेला. त्याचाच सान फ्रान्सिस्को छाप मात्र फक्त ४,८४,००० निघाला. दोन्हींत फरक सालाखालच्या एका बारीक ‘एस’चा. स्वस्त सेंटवर तो ‘एस’ चिकटवून विकण्याचा उद्योग फार जुना आहे. भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी सांधा दिसतो, अक्षराचा आकार आणि त्याची जागा ठरलेल्या ठशांशी जुळत नाही. हे ज्याला दिसत नाही त्याने डबीचे पैसे द्यावेत, ते वाया जात नाहीत.

आपल्याकडे या डबीला पहिला धक्का बसतो तो देव्हाऱ्यात. लक्ष्मीपूजनाला व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवे जॉर्ज ताटात बसतात. त्याआधी चिंच, राख किंवा पितांबरीने लख्ख होतात. घासलेला रुपया चमकतो, पण ती चमक सगळीकडे सारखी, मेलेली असते. तो फिरणारा पट्टा कुठंच नसतो. पीसीजीएसकडे अशा नाण्याला आकडा मिळत नाही. चिठ्ठीवर फक्त ‘तपशील’ आणि सफाई केल्याचा शेरा येतो, आणि भाव बहुधा निम्म्याच्याही खाली जातो. माळेत ओवण्यासाठी ज्यांना कडी लावली होती त्या रुपयांचंही तेच. कडी काढून कितीही घासली तरी कडेला डाग राहतो. पूजेतला रुपया पूजेतच राहू द्यावा, विकायचा असेल तर त्याला हात लावू नये, एवढंच.

सराफांच्या खुणांची गोष्ट मात्र मला बोचते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना रुपये चालत. प्रत्येकाचा बट्टा वेगळा, आणि तो ठरवायला पोतदार व सराफ. चांदी तपासून सराफ नाण्यावर बारीक खूण ठोकत असे. तेव्हा ती खूण म्हणजे खात्री होती. आज बहुतेक वेळा तीच इजा म्हणून नोंदली जाते. नाण्याचा खरा वापर जिथं दिसतो तिथंच त्याचे गुण कापले जातात. शिवराईचंही या मोजपट्टीत हसंच होतं. हाताने पाडलेल्या त्या तांब्याच्या नाण्यात ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं पूर्ण क्वचितच उमटतात. जाणकार झीज सोडून आधी अक्षरं मोजतो. यंत्रावर एकसारख्या निघालेल्या नाण्यांसाठी केलेली श्रेणी इथं कितपत लागू करायची?

ब्रिटिश काळातल्या नाण्यांना ती चांगली लागू पडते, आणि तिथं डबीचा उपयोगही मोठा आहे. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी जुन्या दुर्मिळ नाण्यांच्या प्रती पुढे कित्येक वर्षं ठशांवरून पाडून संग्राहकांना दिल्या. मूळ आणि अशी मागाहून काढलेली प्रत यांच्या भावात फार अंतर असतं. चिठ्ठीवर ‘रीस्ट्राइक’ हा शब्द आला की वाद मिटतो.

अडचण कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९११ चा ‘डुक्कर रुपया’ याचं नमुनेदार उदाहरण. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड उमटले, की लोकांना ते डुक्कर वाटलं. रुपये परत घेतले गेले आणि १९१२ च्या नाण्यांवर हत्ती सुधारला. असा कोरा रुपया तुमच्याकडे असला तरी अमेरिकेतल्या तपासनिसाकडे तो धाडणं गुन्हा आहे. आपल्या लिलावांत शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यांचा भाव म्हणूनच अजून पुष्कळसा जाणकारांच्या नजरेवर आणि विकणाऱ्याच्या नावावर ठरतो.

डबीवर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नकली नाणी जशी आहेत, तशा नकली डब्याही आहेत, आणि त्यांवरचा क्रमांक बहुधा खरा असतो, दुसऱ्याच नाण्याचा उचललेला. कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून छायाचित्रातले ओरखडे हातातल्या नाण्याशी एकेक ताडून पाहावेत. नुसता क्रमांक ‘सापडला’ म्हणून समाधान मानू नये.

आपल्याकडचं एक नाणं या सगळ्या खटाटोपाच्या तोलाचं आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया हा जुन्या ०.९१७ शुद्धतेच्या चांदीचा शेवटचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. हे नाणं लोकांच्या हाती फार थोडं आलं, म्हणून त्याला धातूच्या कितीतरी पट भाव आहे, आणि म्हणूनच खोटेही भरपूर फिरतात. तपासणी, टपाल आणि विमा यांवर काही हजार रुपये गेले तरी इथं ते सार्थकी लागतात. तो अजून शंभर वर्षांचा झालेला नाही, त्यामुळे पुरावशेष कायद्याची आडकाठी त्याला नाही. ती येईल २०३९ साली.